उष्णतेने आकसणारे हायड्रोजेल: हालचाल करवणे आणि छोटे ओझे उचलणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी, प्रयोगशाळा साहाय्यक आणि रोबोटिक्स गटातली मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. कुठलेही उत्तर सुटे वाचले तरी समजेल. पुढच्या प्रश्नाशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. मुंबईत काम करणाऱ्यांनी प्र. ९ आधी वाचला तरी चालेल, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते.

१. हे जेल नेमके करते काय? स्पंजासारखेच ना?

हायड्रोजेल म्हणजे पाण्यात फुगलेले पॉलिमरचे जाळे. इथे ज्याचा विचार आहे त्याचे पूर्ण नाव पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड. एवढे लांब कोणी म्हणत नाही, सगळे पीनिपॅम म्हणतात आणि ज्या कच्च्या मालापासून ते बनते त्याला निपॅम. गार पाण्यात पीनिपॅमचे जेल फुगलेले आणि पारदर्शक असते. तापमान साधारण ३२ अंश सेल्सियसच्या वर गेले की ते पाणी बाहेर टाकते, आकसते आणि दुधाळ पांढरे होते. गार केले की पाणी परत घेते. स्पंजातले पाणी भोकांत असते आणि बाहेरून पिळावे लागते. इथे पाणी साखळ्यांनीच धरलेले असते आणि ते सोडायला लावण्याचे काम तापमान करते.

एक हिशेब सुरुवातीलाच पक्का करा. आकारमान आठपट घटले तर लांबी फक्त निम्मी होते, कारण घट तिन्ही दिशांनी होते. लेखांतून दिसणारे “दहापट आकसते” हे आकडे आकारमानाचे असतात. यंत्रणा आखताना तुम्हाला लागते ती लांबी.

२. तापवले की वस्तू प्रसरण पावते असे शिकलो. मग हे उलटे कसे?

पीनिपॅमच्या साखळीवर दोन स्वभावांचे गट आहेत. अमाइड गट पाण्याला धरून ठेवतो, आयसोप्रोपिल गटाला पाणी नको असते. गारव्यात आयसोप्रोपिलभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रचून बसतात आणि साखळी पाण्यात उलगडलेली राहते. तापमान वाढते तशी ही शिस्त ऊर्जेच्या हिशेबात महाग पडत जाते. ठरावीक तापमानाला पाणी ती मोडून मोकळे होते आणि पाणी नकोसे असलेले गट एकमेकांना बिलगतात. विरघळलेल्या पीनिपॅमचे हे वागणे हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये मांडले. त्याच पॉलिमरच्या जेलचे आकारमान एकदम कोसळते हे हिरोकावा आणि तानाका यांनी १९८४ मध्ये दाखवले.

३. घरी करता येईल का? चायना ग्रास, जिलेटिन किंवा डायपरमधली पावडर चालेल?

नाही. चायना ग्रास म्हणजे अगार. ते ८५ अंशांच्या आसपास वितळते आणि गार होताना घट्ट होते. जिलेटिन कोमट पाण्यातच विरघळते. दोन्हींत अवस्था बदलते, पण आकार आकसून परत येत नाही. डायपरमधली पावडर म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. ती भरपूर फुगते, पण तिच्यावर चालते ते मिठाचे, तापमानाचे नाही. फुगणे आणि आकसणे म्हणजे काय हे शाळेत दाखवायला ती उत्तम: फुगलेल्या जेलवर मीठ टाकले की डोळ्यांदेखत पाणी सुटते.

पीनिपॅम घरी बनवू नका. निपॅम आणि बिस (साखळ्या एकमेकींना बांधणारे रसायन, प्र. ५) दोन्ही गिळल्यास अपायकारक आहेत, आणि काही कृतींत लागणारे ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, ते त्वचेतूनही शरीरात जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, धूरपेटीत, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. नीट धुतलेले तयार जेल मात्र वर्गात हाताळता येते.

४. मुंबईत सामान कुठे मिळेल?

रसायने प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या व्यापाऱ्यांमार्फत मागवता येतात. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर मागणी दिलीत तर काम सोपे होते. निपॅम दुकानात तयार असेलच असे नाही, मागवायला वेळ लागतो, म्हणून प्रकल्पाची सुरुवातच या मागणीने करा. पेल्टिअर (वीज दिली की एक बाजू गरम आणि दुसरी थंड करणारी चकती, प्र. १०), तापमानाचे सेन्सर, मोटर-ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. साच्यासाठी १ मिमी किंवा ०.५ मिमी जाडीचे सिलिकॉन शीट नागदेवी स्ट्रीटच्या रबर-गॅस्केटवाल्यांकडे विचारा.

निपॅमची बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. ती बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच झाकण उघडा. पावसाळ्यात गार बाटली उघडली की हवेतली वाफ थेट स्फटिकांवर बसते आणि पुढची सगळी वजने चुकतात.

५. पहिल्यांदा करतो आहे. १० मिलि जेलची कृती प्रमाणासकट द्या.

लागणारे साहित्य: निपॅम १ ग्रॅम, बिस (मिथिलीन-बिस-ॲक्रिलामाइड, हे साखळ्या एकमेकींना बांधते) २० मिलिग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी, अमोनियम परसल्फेटचे म्हणजे एपीएसचे ताजे १० टक्के द्रावण ५० मायक्रोलिटर, टेमेड २० मायक्रोलिटर (एपीएस साखळ्यांची वाढ सुरू करते, टेमेड तिला वेग देते).

निपॅम आणि बिस ९ मिलि पाण्यात ढवळा. बिस हळू विरघळते, घाई केलीत तर तळाशी कण राहतात. पाणी घालून १० मिलि करा. भांडे बर्फात ठेवून त्यातून १५ मिनिटे नायट्रोजन सोडा. टेमेड घाला, हलकेच फिरवा, शेवटी एपीएस. आता जोरात ढवळायचे नाही, नाहीतर हवा परत आत जाते. दोन-तीन मिनिटांत सिरिंजने साच्यात भरा.

साचा म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या, मध्ये यू आकाराचे सिलिकॉनचे गॅस्केट, दोन्ही बाजूंना बाइंडर क्लिपा. ७५ बाय २५ मिमीच्या काचपट्टीत १ मिमी जाडीला दीड मिलि द्रावण पुरते. काचेला जेल चिकटू नये म्हणून आतून ओएचपीची पॉलिएस्टर फिल्म लावता येते. साचा १५ ते २० अंशांना चार तास किंवा फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. मग उघडून जेल धुवायला घ्या (प्र. ८).

६. घट्टच झाले नाही. किंवा मधोमध घट्ट आणि कडा चिकट. का?

बहुतेक वेळा ऑक्सिजनमुळे. तो साखळी वाढवणारे क्रियाशील कण, म्हणजे मूलके, खाऊन टाकतो. नायट्रोजन पुरेसा वेळ दिला नसेल, साचा वरून उघडा असेल किंवा साच्याचा पदार्थच आपल्या पोटात ऑक्सिजन साठवणारा असेल. सिलिकॉन त्यातलेच, म्हणून गॅस्केटला लागून असलेली एक-दोन मिमीची कड चिकट राहते. ती कापून टाका, त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरे कारण मुंबईत फार दिसते: एपीएस शिळे. दमट हवेत बाटली उघडझाप होत राहिली की त्याचा जोर जातो. ताजे एपीएस पाण्यात टाकले की बारीक तडतड ऐकू येते. आवाज आला नाही तर नवी बाटली घ्या, प्रमाण वाढवून उपयोग नाही. टेमेड पिवळे पडले असेल तर तेही बदला.

७. जेल घट्ट झाले, पण सुरुवातीपासूनच पांढरे आहे.

साखळ्या जोडल्या जाताना उष्णता बाहेर पडते. द्रावण त्या उष्णतेने ३२ अंशांच्या वर गेले की साखळ्या बनता बनताच गोळा होतात आणि जेल ढगाळ, भोकाळ निघते. साचा बर्फाच्या पाण्यात ठेवा, टेमेड निम्मे करा, एकदम मोठा ठोकळा ओतू नका.

मात्र सगळे पांढरे जेल टाकाऊ नसते. भोकांमुळे पाण्याला वाट मिळते, म्हणून असे जेल पारदर्शक जेलपेक्षा लवकर आकसते आणि लवकर फुगते. जोर मात्र कमी आणि फाटण्याची शक्यता जास्त. वेग हवा आणि ओझे नगण्य असेल तर काही जण मुद्दाम असेच बनवतात.

८. किती वेळ धुवायचे? दोनदा विसळले तर नाही चालणार?

नाही चालणार. न जोडलेले निपॅम जेलच्या आत असते आणि ते झिरपत बाहेर यायला वेळ लागतो. १ मिमी पट्टी तीन दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. मधूनमधून ४० अंशांच्या पाण्यात बुडवून परत गार पाण्यात टाकले तर जेल आतले पाणी स्वतःच बाहेर ढकलते आणि काम लवकर होते. हे धुतलेले पाणी बेसिनमध्ये ओतायचे नाही (प्र. २१).

धुताना पट्टी फुगून साच्यापेक्षा मोठी होते. म्हणून मोजमाप आणि कापणी दोन्ही धुतल्यानंतर करा.

९. एप्रिल-मेमध्ये आमचे जेल फुगतच नाही. कृतीत काय चुकले?

कृतीत बहुधा काहीच चुकलेले नाही. संक्रमणाचे तापमान, म्हणजे जेल ज्याला आकसते ते, ३२ अंश, आणि मेच्या दुपारी बिनएसीच्या खोलीत ठेवलेले पाणी ३० ते ३२ अंशांवरच असते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहूनही गरम. थंड प्रदेशातल्या प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या कृतीत “खोलीच्या तापमानाला फुगू द्या” असे म्हटलेले असते, तिथे ती खोली २० अंशांची असते.

शिवाय ३२ अंशांपर्यंत जेल पूर्ण फुगलेले आणि नंतर एकदम आकसलेले असे होत नाही. २० पासूनच फुगणे हळूहळू उतरत जाते, ३० अंशांना ते बरेच कमी झालेले असते. म्हणून नियम असा ठेवा: थंड बाजू २० ते २२ अंश, गरम बाजू ४०. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून पाणी २० ला आणा आणि थर्मामीटर पाण्यातच राहू द्या, खोलीतला आकडा वाचू नका. २८ आणि ३६ असा अरुंद पल्ला घेऊन “हालचाल फार कमी आहे” अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

बर्फ नकोच असेल तर संक्रमणाचे तापमान वर सरकवता येते, ते प्र. १८ मध्ये.

१०. तापमान आपोआप वरखाली करायला काय वापरू?

पहिल्या चाचण्यांना दोन वाडगे पुरे: एकात २० अंशांचे पाणी, दुसऱ्यात ४०. जेल चिमट्याने उचलू नका, प्लास्टिकच्या चमच्याने हलवा.

आपोआप हवे तर पेल्टिअर. बाजारात सर्रास मिळणारे टीईसी१-१२७०६ हे ४० बाय ४० मिमीचे असते, प्रवाहाची दिशा उलटली की गरम बाजू थंड होते. खाली पंखा लावलेला हीटसिंक हवाच, नाहीतर थंड करायच्या वेळी खालची उष्णता वर चढते. वर ॲल्युमिनियमची पातळ ताटली, तीत जास्तीत जास्त १० मिलि पाणी. एवढे पाणी २० वरून ४० ला न्यायला सुमारे ८४० ज्यूल लागतात, म्हणजे प्रत्यक्षात ५ वॅट पोचले तर तीन मिनिटे. भांडे मोठे घेतलेत तर सगळा वेळ पाणी तापवण्यातच जाईल.

प्रवाहाची दिशा बदलायला एच-ब्रिज, तापमानासाठी जलरोधक डीएस१८बी२० (डेटा तारेवर ४.७ किलोओहमचा रोध विसरू नका), नियंत्रणाला अर्डुइनो. दिशा उलटण्यापूर्वी दहा सेकंद प्रवाह बंद ठेवा, त्याने पेल्टिअर जास्त टिकते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून २० अंशांच्या ताटलीखाली पाणी साचणारच. वायरींचे जोड वर घ्या, पेल्टिअरच्या कडा सिलिकॉन सीलंटने बंद करा.

जेलमध्ये उघडी नायक्रोम तार घालून थेट वीज देऊ नका. पाण्याचे विद्युत अपघटन होऊन बुडबुडे सुटतात आणि जेल तारेपासून वेगळे होते.

११. पट्टी तापवली की नुसती बारीक होते, वाकत नाही. बोटासारखी वाकवायची कशी?

एकजिनसी पट्टी सगळीकडे सारखीच आकसते, त्यामुळे ती लहान होते, वाकत नाही. वाकायला एक थर आकसणारा आणि त्याला चिकटलेला दुसरा न आकसणारा हवा. झिबिंग हू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पीनिपॅम आणि पॉलिॲक्रिलामाइड यांची अशी जोडी करून वाकणारे, वस्तू पकडणारे जेल दाखवले.

ॲक्रिलामाइड टाळायचे असेल तर दुसरा थर म्हणून बारीक विणीची नायलॉनची जाळी किंवा पातळ मलमल साच्याच्या तळाला ताणून बसवा आणि वर द्रावण ओता. जेल धाग्यांभोवतीच घट्ट होते, सुटण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या मते नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

किती वाकेल? दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि सारख्या ताठरपणाचे धरले तर वक्रता म्हणजे दीड गुणिले आकसण्याचे प्रमाण भागिले एकूण जाडी. एकूण जाडी १ मिमी आणि लांबीत ३० टक्के घट असेल तर वक्रता दर मिमीला ०.४५, म्हणजे त्रिज्या जेमतेम २.२ मिमी. २० मिमीची पट्टी एक वेढा पूर्ण करून पुढे जाईल. कापडाचा थर जास्त ताठ असतो म्हणून प्रत्यक्षात कमी वाकते.

तापल्यावर पट्टी जेलच्या बाजूला वळते. आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही: २० अंशांना जेल साच्यातल्यापेक्षा जास्त फुगलेले असल्यामुळे ती उलट बाजूला वाकलेली असते. सरळ राहते ती मधल्या कुठल्यातरी तापमानाला. हा दोष मानू नका, पकड उघडण्यासाठी तोच उपयोगी पडतो (प्र. १४).

१२. एकदा आकसायला किती वेळ लागतो? आमचे तासभर लोटले तरी चालूच आहे.

जाडी सांगा, वेळ सांगता येतो. उष्णता जेलमध्ये झपाट्याने पसरते, १ मिमीला सेकंदभर. वेळ खाते ते पाणी, कारण जाळे आणि पाणी एकमेकांतून वाट काढत सरकतात आणि तो वेग उष्णतेच्या मानाने हजारो पटींनी कमी आहे. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या पारदर्शक पट्टीसाठी अंदाज असा: १ मिमी एक ते तीन तास, ०.५ मिमी पंधरा ते पंचेचाळीस मिनिटे, ०.२ मिमी तीन ते सात मिनिटे, ०.१ मिमी एक-दोन मिनिटे.

पट्टी काही सेकंदांत पांढरी होते त्याने फसू नका. रंग बदलला म्हणजे साखळ्या गोळा झाल्या, पाणी अजून आतच आहे. मोजायचे असेल तर काचेच्या भांड्याखाली आलेख-कागद ठेवा आणि ठरावीक वेळाने मोबाइलने वरून फोटो काढा.

१३. किती वजन उचलेल?

सरळ ओढण्यासाठी दर चौरस मिमी छेदाला ०.२ ग्रॅम धरा (२ किलोपास्कल ताण). जेल याहून जास्त ताण देऊ शकते, पण आखणी या आकड्यावर केली तर फाटत नाही. म्हणजे ५ मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टी १ ग्रॅम.

वाकणाऱ्या बोटाचे गणित फार कंजूष आहे. ५ मिमी रुंद, १ मिमी जाड, १० मिमी लांब बोटाच्या टोकाशी मिळणारा जोर ३० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यामुळे बोटांनी चिमटीत धरायचा प्रयत्न करू नका, वस्तूखाली बोटे वळून ओंजळ झाली पाहिजे.

जोर वाढवायला जाडी वाढवावी हा पहिला विचार असतो आणि तोच महागात पडतो. जाडी दुप्पट केली की बोटाचा जोर चौपट होतो, पण वेळही चौपट. रुंदी वाढवली किंवा पातळ पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या तर जोर त्या प्रमाणात वाढतो आणि वेळ तेवढाच राहतो. या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

पाण्याची मदतही घ्या. पाण्यात १ ग्रॅम पोलाद ०.८७ ग्रॅम भरते, काच ०.६, पॉलिस्टायरीनचा मणी फक्त ०.०५. तोच एक ग्रॅम, पण मणी उचलणारी पकड पोलादाच्या गोळीपुढे हात टेकते.

१४. चार बोटांची पकड कापायची आहे. मापे द्या.

जाळीवर ०.५ मिमी जेलचा थर (प्र. ११) घेऊन धुतल्यावर अधिक चिन्हाच्या आकारात कापा: मधला चौकोन ८ मिमी, प्रत्येक बोट १२ मिमी लांब, ५ मिमी रुंद. नवी ब्लेड वरून सरळ दाबा, ओढू नका, ओढले की कड चिरते. बोटांच्या मुळाशी काटकोन ठेवू नका, जाड सुईच्या टोकाने गोल खाच करा, कारण चीर कोपऱ्यातूनच सुरू होते.

जेलची बाजू वस्तूकडे. मधला चौकोन जाळीच्या बाजूने बारीक काडीला दोऱ्याने बांधा. २० अंशांना बोटे बाहेर उलटलेली असतात, म्हणजे पकड उघडी. वस्तूवर उतरवा, पाणी ४० ला न्या, पूर्ण मिटेपर्यंत थांबा आणि मगच काडी वर घ्या. पकड पाण्याच्या पृष्ठभागाबाहेर काढली की पृष्ठताण आणि पूर्ण वजन दोन्ही एकदम येतात आणि वस्तू सुटते. ओझे पाण्यातल्या पाण्यातच न्या.

१५. जेल “चालते” असे व्हिडिओ पाहिले. आमचे का चालत नाही?

बहुतेक व्हिडिओ कित्येक पट वेगवान केलेले असतात. काहींतले जेलच वेगळे असते: २०१५ मध्ये जपानमध्ये आइदा यांच्या गटाने टायटेनेटचे अतिसूक्ष्म पापुद्रे एका दिशेत रचून असे पीनिपॅम बनवले की ते पाणी आतबाहेर न करता काही सेकंदांत लांबी बदलते आणि एल अक्षराच्या आकारात पुढे सरकते. ते रचायला फार जोरकस चुंबकीय क्षेत्र लागते.

साध्या जेलला चालवायचे असेल तर जमीन एकतर्फी करा. ॲक्रिलिकच्या पट्टीवर करवतीसारखे तिरके दात, दोन दातांतले अंतर १ मिमी. वर कमानीसारखी वाकणारी दोन थरांची पट्टी, दोन्ही टोके पाय. तापले की कमान वाढते, मागचा पाय पुढे ओढला जातो. गार झाले की कमान पसरते आणि पुढचा पाय पुढे जातो. दोन पायांतले अंतर फेरीत ६ मिमी बदलत असेल तर दातांमध्ये दोन मिमीपर्यंत वाया जाते, पदरात चार. आणि ही फेरी ०.५ मिमी जाडीला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत कितीही घेते.

ओझे कमानीच्या मध्यावर ठेवा. ते जरा जास्त झाले तर कमान उठतच नाही. खरे सांगायचे तर प्रकल्पाला दोन महिने असतील तर पकड करा. चालणारे जेल त्यानंतर.

१६. पाण्याबाहेर, हवेत चालेल?

एकदा आकसेल. फुगायला पाणीच नसेल तर परत येणार नाही, आणि एसीच्या खोलीत पातळ पट्टी पाहता पाहता वाळून कडक होते. जेल आणि थोडे पाणी पातळ लवचीक पिशवीत बंद करून हालचाल बाहेर पोचवता येते. पिशवीचा ताठरपणा मात्र जोरातून वजा होतो.

१७. समुद्राचे पाणी किंवा टँकरचे पाणी वापरले तर?

मिठाने संक्रमणाचे तापमान खाली येते. समुद्राच्या पाण्यात (सुमारे ३.५ टक्के क्षार) ते सहा-सात अंशांनी उतरते, म्हणजे २५ च्या आसपास. अरबी समुद्राचे पाणी मुंबईत वर्षभर त्याच्या आगेमागेच असते, त्यामुळे समुद्रात टाकलेले साधे पीनिपॅम बहुधा आकसलेलेच राहील.

महापालिकेचे तलावाचे पाणी सौम्य असते, त्याने फारसे बिघडत नाही. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याचे क्षार दर खेपेला वेगळे, म्हणून कालचा आकडा आज जुळत नाही. मोजणी करायची असेल तर ऊर्ध्वपातित पाणीच.

१८. ३२ ऐवजी ३८ अंशांना आकसणारे जेल हवे आहे.

पाणी आवडणारा दुसरा मोनोमर (साखळीचा सुटा घटक, जसे निपॅम) थोडा मिसळा, उदाहरणार्थ एन, एन-डायमिथिलॲक्रिलामाइड. ५ मोल टक्क्यांपासून (रेणूंच्या संख्येतले टक्के, वजनातले नव्हे) सुरुवात करा, तापमान मोजा, मग वाढवा. जितके वाढवाल तितके संक्रमण पसरट होते आणि आकसणे घटते, हे फुकट मिळत नाही. मोठी उडी हवी असेल तर एन-आयसोप्रोपिलमेथॅक्रिलामाइड हा वेगळाच मोनोमर घ्या, त्याचे जेल ४० अंशांच्या थोडे वर आकसते. गरम बाजू मग ५० ला न्यावी लागेल.

उलट, तापमान खाली आणायला पाणी नकोसा असणारा मोनोमर लागतो. मुंबईत त्याची गरज कोणाला पडेल असे वाटत नाही.

१९. पट्टी बाहेरून कडक झाली, वर फोड आले. आणि दहा-बारा फेऱ्यांत फाटली.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. गार जेल एकदम ५० अंशांच्या पाण्यात टाकले की बाहेरचा थर आधी आकसून दाट कातडी तयार होते. आतले पाणी अडकते आणि फोड येतात. टप्प्याने जा: २५, ३१, ३४, मग ४०. पातळ पट्टीत हा त्रास जवळजवळ नसतो.

फाटणे हे बिसने बांधलेल्या जेलचे मूळचेच आहे, ते ठिसूळ असते. बिस वाढवलेत तर आणखी ठिसूळ होईल आणि आकसणेही कमी होईल. उपाय हारागुची यांनी २००२ मध्ये मांडलेला: बिस पूर्ण वगळायचे आणि साखळ्या बांधायला लॅपोनाइट ही कृत्रिम चिकणमाती वापरायची. १० मिलिसाठी लॅपोनाइट एक्सएलजी ०.४ ग्रॅम, निपॅम १ ग्रॅम, पोटॅशियम परसल्फेट १० मिलिग्रॅम, टेमेड ८ मायक्रोलिटर. क्रम महत्त्वाचा. माती आधी नुसत्या पाण्यात द्रावण स्वच्छ दिसेपर्यंत ढवळा, मग निपॅम, मग बर्फात नायट्रोजन, मग टेमेड आणि परसल्फेट. आधीच क्षार गेले तर मातीच्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. २० अंशांना २० तास ठेवा. हे जेल मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते, गाठही मारता येते. माती फार वाढवली तर मात्र आकसणे दबते.

२०. उजेडाने हलवता येईल?

येईल. उजेड शोषून तापणारे काहीतरी जेलमध्ये हवे. १० मिलि द्रावणात काजळीच्या काळ्या शाईचे एक-दोन थेंब घाला. काजळी मूलके शोषते म्हणून घट्ट व्हायला वेळ लागेल, एपीएस थोडे वाढवा. भोवतालचे पाणी २८ ते ३० अंशांवर धरून ठेवा, म्हणजे दिव्याला शेवटचे तीन-चार अंशच चढवावे लागतात. इथे मुंबईची हवा प्रथमच तुमच्या बाजूने असते. एकाच बाजूने उजेड टाकला तर काळी एकजिनसी पट्टीही काही काळ वाकते, पण सगळी तापली की वाकणे जाते. इन्फ्रारेड लेसर वापरणार असाल तर त्या तरंगलांबीचा चष्मा हवाच, डोळ्याला तो किरण दिसत नाही.

२१. साठवायचे कसे आणि टाकायचे कसे?

ऊर्ध्वपातित पाण्यात, झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठले की जाळे तुटते. दर आठवड्याला पाणी बदला. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या डब्यावर बुरशी धरते आणि ती जेलच्या कडांतून आत शिरते. तशी पट्टी टाकून द्या.

उरलेले मोनोमरचे द्रावण बेसिनमध्ये कधीच नाही. त्यात टेमेड आणि एपीएस घालून ते घट्ट करा, वाळवा आणि प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. पहिल्या धुण्यांचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवून त्याच वाटेने. धुतलेले, काम संपलेले जेल वाळवले की पापुद्र्याएवढे उरते, तेही त्याच पिशवीत.

२२. प्रदर्शनात परीक्षक दोन-तीन मिनिटेच थांबतात. तेवढ्यात काय दाखवता येईल?

०.१ ते ०.२ मिमी जेल, बारीक जाळीवर, बोटे ४ मिमी रुंद. एवढी पातळ पट्टी बनवायला गॅस्केटऐवजी ओएचपी फिल्मच्या पट्ट्यांचे दोन थर लावा, एक फिल्म साधारण ०.१ मिमी असते. ओझे पॉलिस्टायरीनचा मणी, तोही लहान. पाणी काचेच्या पसरट भांड्यात ५ मिमी खोल, खाली काळा कागद म्हणजे पांढरे होणे उठून दिसते.

दोन थर्मास जवळ ठेवा, एकात ५० अंशांचे पाणी, दुसऱ्यात बर्फाचे. भांड्यातल्या पाण्यात गरम पाणी कडेने ओतून ते ४० ला आणा, थेट जेलवर ओतू नका. दर खेळानंतर पकड गार पाण्यात दहा मिनिटे राहिली पाहिजे, म्हणून एकसारख्या तीन-चार पकडी करून आळीपाळीने वापरा. आणि मंडपातला पंखा भांड्यावरून दुसरीकडे वळवा.